कोट प्रेसचा

मंजुरीची हिरवी खूण आली होती. तिच्याखाली शेरा होता, ‘फोटो छान आलाय. छापा.’ आणि फोटो भलत्याच माणसाचा होता.

वर्षाराणीनं छपाईची प्लेट काढायला पाठवण्याआधी सवयीनं पान मोठं करून बघितलं नसतं, तर तो तसाच छापून गेला असता. पडद्यावर तोंड हळूहळू मोठं होत गेलं. बसलेले गाल, पांढरी मिशी, आणि मिशीखाली एका बाजूला ओढलेला खालचा ओठ. ओठ दिसला तसा तिचा हात माउसवरच थांबला. हा ओठ तिच्या ओळखीचा होता. परवाच तो सरळ करायला तिची बोटं शिवशिवली होती, पण कबनूरहून आलेला मुलगा बजावून गेला होता, ‘बाई, ओठाला हात लावू नका. तात्या असंच हसायचे.’ ते तात्या म्हणजे कबनूरचे गुंडू तात्या, यंत्रमागवाले. आणि फोटोखाली ठळक अक्षरांत होतं, ‘लिंगैक्य अण्णासो चौगुले, कुरुंदवाड. प्रथम पुण्यस्मरण.’ दोन्ही कामं एकाच दुपारी तिच्या टेबलावर होती. एकाचं तोंड दुसऱ्याच्या पानावर बसलं होतं, आणि ते तिच्याच हातानं बसलं होतं. चूक कशी झाली हे तिला लगेच कळलं. त्यात नवल काही नव्हतं. नवल होतं ते शेऱ्याचं. तो शेरा अण्णासोंच्या अमेरिकेतल्या मुलाचा होता, एकुलत्या एका मुलाचा. पोटच्या पोरानं परक्या माणसाचं तोंड बघितलं होतं आणि छान आलाय म्हणून लिहिलं होतं. बाहेर शाहूपुरीत दुकानांची शटरं वर जात होती, खाली मशीन अजून थंड होतं, आणि वर्षाराणी तो शेरा परत परत वाचत होती.

पूर्वी असं होणं शक्यच नव्हतं. पूर्वी गिऱ्हाईक प्रेसमध्ये येऊन बसायचं, आणि एकटं कधीच यायचं नाही. लग्नपत्रिकेचं प्रूफ असलं तर निम्मी भावकी टेंपोतून उतरायची. एकानं मोठ्यानं वाचायचं, म्हाताऱ्यानं डोळे मिटून ऐकायचं, मध्येच कुणीतरी मामाचं नाव आत्याच्या वर कसं आलं म्हणून उसळायचं, चहा यायचा, रुसवे निघायचे, आणि शेवटी घरातली बाई प्रूफाच्या कोपऱ्यावर हळदीकुंकवाचं बोट टेकवायची. ती मंजुरी. एवढं होऊनही छापून झाल्यावर भांडणं व्हायचीच. आम्ही असं सांगितलंच नव्हतं म्हणणारे महाभाग कोल्हापुरात कमी नाहीत. अशाच एका भांडणाला विटून मालक अमरसिंहांनी पुण्यातल्या भाच्याकडून वेबसाइट करून घेतली. आता प्रूफ तिथं चढवायचं, गिऱ्हाइकाला ईमेल जायची, त्यानं जिथं असेल तिथं उघडून बघायचं आणि एक तर चूक लिहायची नाही तर ‘मंजूर’ दाबायचं. दाबलं की वर्षाराणीच्या पडद्यावर हिरवी खूण उमटे. ‘हिरवं झालं की हात लावायचा न्हाय,’ असा अमरसिंहांचा कायदा होता. ‘मग जबाबदारी त्येंची.’ ह्या कायद्यानं भांडणं थांबली, हे खरं. पण माणसंही यायची थांबली. वर्षाराणीला आता गिऱ्हाइकांची तोंडं दिसत नव्हती, नुसत्या खुणा दिसत होत्या. पुष्कळ लोक बघतच नाहीत, नुसतं दाबतात, हेही तिला कळून चुकलं होतं.

पण ह्या पोरानं बघितलं होतं. न बघणारा माणूस ‘फोटो छान आलाय’ असं कशाला लिहील?

की तो कोटाला फसला? गावाकडच्या माणसाचा एकट्याचा असा फोटो सहसा नसतोच. असतो तो कुणाच्या तरी लग्नात कडेला, सोसायटीच्या सभेत मागच्या रांगेत, बैलाच्या शेजारी. माणूस गेला की घरचे तो फोटो घेऊन येतात आणि बोट ठेवून सांगतात, हे आमचे. मग वर्षाराणी ते डोकं कापून घेते आणि प्रेसच्या कोटावर बसवते. काळा कोट, पांढरा शर्ट, वर गुलाबी फेटा, मागं आभाळासारखं निळं. अर्ध्या जिल्ह्यातली म्हातारी माणसं त्याच एका कोटात स्वर्गाला गेली आहेत. जन्मभर मळकी बंडी घातलेला माणूसही त्यात एखाद्या कारखान्याचा चेअरमन दिसतो, आणि घरच्यांना ते आवडतं. अण्णासोंना आणि गुंडू तात्यांना तिनं परवा तोच कोट चढवला होता. दोघांची तोंडं उभट, मिशा पांढऱ्या, कपाळं फेट्याखाली झाकलेली. चुकू शकतं माणूस, ती स्वतःला म्हणाली. पण हे म्हणताना तिला स्वतःलाच ते पटेना. बाप आहे तो. बापाला काय कोटावरून ओळखतात?

कोट मुळात प्रेसचाही नव्हता. तो तिनंच आणला होता, भाऊसिंगजी रोडच्या स्टुडिओतून. त्र्याण्णव साली ती तिथं रिटचिंग शिकायला लागली तेव्हा सगळं हातानं चालायचं. ब्लेडनं डोकं कापायचं, कोटाच्या फोटोवर गोंदानं चिकटवायचं, मानेपाशी जोड दिसू नये म्हणून बारीक ब्रश जिभेवर ओला करून रंग भरायचा, आणि मग त्या सगळ्याचा परत फोटो काढायचा. फोटो धुवायच्या हायपोचा आंबूस वास केसांना घरीसुद्धा यायचा. कोटातला मूळ माणूस कोण होता हे स्टुडिओवाल्यांनाही आठवत नव्हतं. कुणी वकील होता म्हणे, फोटो न्यायला परत आलाच नाही. त्याचं डोकं कधीच निघून गेलं होतं, धड तेवढं राबत होतं. वर्षाराणीचा हात चांगला बसला. डोळ्याखालच्या सुरकुत्या, देवीचे व्रण, नाकावरचे खड्डे ती असे पुसायची की स्टुडिओवाले पाठीमागं उभे राहून म्हणायचे, ‘पोरगी म्हातारा तरुण करती की.’ आणि त्याच दिवसांत आबा गेले.

आबा गूळ मार्केटात तोलाईदार होते. गुळाची ढेप काट्यावर चढवायची आणि वजन ओरडून सांगायचं, हे त्यांचं आयुष्य. अंगाला, कपड्याला, नखांत गूळ. ते घरी आले की त्यांच्यामागून दोन-तीन माश्याही यायच्या आणि आक्का, म्हणजे वर्षाराणीची आई, दारातच पदरानं वारा घालायची. फोटो म्हणाल तर एकच होता, पाडव्याच्या सौद्यांच्या मुहूर्ताचा, सगळे तोलाईदार टोप्या घालून ओळीनं उभे. वर्षाराणीनं त्यातून आबांचं तोंड ब्लेडनं कापून काढलं. हात थरथरला नाही याचं तिला तेव्हा बरं वाटलं होतं. मग कोट, मग फेटा, मग ब्रश. त्या काळात तिचा हात थांबायचाच नाही. आबांच्या भुवईत एक तुटकी रेघ होती. तरुणपणी काट्याचा आकडा लागून तिथले केस गेले ते परत उगवले नव्हते. तिनं ब्रशचं टोक जिभेला लावलं आणि भुवई भरून काढली. नीटच दिसायला लागली. बाराव्याला आलेले लोक म्हणाले, आबा अगदी साहेब दिसतात. आक्का फोटोला रोज हार घालू लागली. तो मुहूर्ताचा फोटो आक्कानं ट्रंकेत ठेवला आहे. टोपीवाल्यांच्या ओळीत एक भोक आहे, तोंडाच्या आकाराचं.

‘मग त्यात काय एवढं?’ अमरसिंह म्हणाले. ते आत्ताच आले होते, गाडीची किल्ली अजून बोटात फिरत होती. ‘डोस्कं बदल आनि छाप.’

‘हिरवं झाल्यावर हात लावायचा न्हाय म्हणता की.’

‘ते गिऱ्हाईकाची चूक असली तर. ही आपली हाय. आपली चूक गपचिप निस्तरायची असती.’

‘कार्डं अमेरिकेला बी जाणार हायत, दादा. तिथं त्यांना येगळंच तोंड दिसंल.’

‘येगळं कसं? बापाचं दिसंल. बरोबरच हाय की.’ मग त्यांची किल्ली थांबली. ते पडद्याकडं बघत राहिले, ओठाकडं, मग शेऱ्याकडं. त्यांचा आवाज खाली आला. ‘वर्षाताई, तू त्या पोराला काय लिवणार हाईस? बाबा रे, तू बाप वळखला न्हाईस म्हणून? ह्ये कुणाच्या तोंडावर सांगायचं काम हाय व्हय?’

तिला हेच तर सकाळपासून टोचत होतं. गुपचूप बदललं तर प्रेस सुटलं, तीही सुटली. पण मंजूर झालेलं प्रूफ वेबसाइटवर तसंच राहतं. कधीतरी तो पोरगा हातात छापलेलं कार्ड घेऊन ते उघडेल, दोन तोंडं शेजारी शेजारी बघेल आणि एकटाच बसून समजेल काय झालं ते. आणि आत्ता सांगितलं तर आत्ता समजेल. दोन्हीकडं घाव त्यालाच. नुसता कधी आणि कुणाच्या हातून एवढंच तिच्या हातात होतं. अमरसिंह खाली गेले, जाताना एवढंच म्हणाले, ‘दुपारी त्येची आई येणार हाय. तिला तेवढं काय बोलू नकोस.’

तिनं खऱ्या अण्णासोंचं डोकं कोटावर बसवलं. जड पापण्यांचे शांत डोळे, भरलेले गाल. सोसायटीच्या सभेतला फोटो होता, त्यात ते कुणाचं तरी भाषण ऐकत होते आणि कंटाळले होते. तिनं काहीही पुसलं नाही. गालावर वांग होते तेही राहू दिले. हल्ली ती फारसं पुसत नाही. कारण विचारलं तर लोकांना तेच आवडतं असं सांगते.

शिवगंगाबाई जेवणवेळेनंतर आल्या. कुरुंदवाडहून एसटीनं, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी आधी वांगी काढून टेबलावर ठेवली. ‘नदीकाठची हायत. भरून कर, मसाला कमी घाल,’ असं दटावून मग त्या खुर्चीत बसल्या, आणि वर्षाराणीनं पडदा त्यांच्याकडं वळवला. ‘यव्वा!’ एवढं त्या कानडीत म्हणाल्या आणि हात पुढं करून काचेला लावला. काच गरम लागली असावी, त्यांनी तो पटकन मागं घेतला.

‘ह्येच. ह्येच की गं. अस्संच बसायचे, कुणी बोलाय लागलं की.’ पदर तोंडाला लावून त्या हसल्या. ‘आनि ह्यो कोट कुणाचा?’

‘प्रेसचा हाय, मावशी.’

‘बरा दिसतोय. जन्मात घातला न्हवता. लग्नात बी न्हाई.’ मग त्यांनी डोळे पुसले आणि खुर्ची पुढं ओढली. ‘शिवूनं बघितला काय? काय म्हटला?’

वर्षाराणीनं वांग्यांकडं बघितलं. जांभळ्या पाठीवर तिच्या टेबलाचा दिवा चमकत होता. ‘फोटो छान आलाय म्हणाले.’ शब्द न शब्द खरा होता.

‘वळखला की मग बापाला!’ शिवगंगाबाईंनी दोन्ही हात जोडून पडद्याकडं की देवाकडं कुठंतरी बघितलं. ‘मला लई भ्याव हुतं बघ. त्यो आला न्हाय ना. त्येच्या नोकरीच्या कागदाचं कायतरी अडकलं हुतं, तितनं भाईर पडला तर परत घेतील का न्हाय कुणास ठावं. माती द्यायला बी न्हाय आला. आनि आजारपणात ह्यांचं तोंड लई उतरलं हुतं. शिवू फोनवर म्हणायचा, आई, फोटू काढून पाठिव. मी न्हाय पाठिवला. म्हटलं बघंल आनि तिकडं परमुलखात रडत बसंल. आप्पा हायत तसंच हायत म्हणून सांगत ऱ्हायलो. त्यो म्हणायचा, खरं सांग आई. मी म्हणायचो, खरंच सांगतो की.’ त्यांनी परत पडद्याकडं बघितलं. ‘म्हणून ह्यो जुना फोटू दिला. त्येच्या डोळ्यात असंच ऱ्हाऊदेत.’

त्या गेल्यावर वर्षाराणीनं लिहायला घेतलं. आधी लिहिलं, ‘फोटोत किरकोळ सुधारणा केली आहे, कृपया पुन्हा पाहून मंजुरी द्यावी.’ वाचलं. माणूस बदलला याला किरकोळ सुधारणा म्हणायचं म्हणजे हद्द झाली. पण असं लिहिलं तर त्याला वाट राहते, हेही तिला दिसत होतं. न बोलता तो मंजूर दाबू शकतो, आपणही कधी बोलणार नाही, जगात कुणालाच काही झालं नाही. किती सोपं. तिचं बोट बटणावर बराच वेळ राहिलं. असं सोपं करून टाकायची तिच्या हाताला चटकच होती. खड्डा दिसला की भरायचा, रेघ तुटली की जोडायची. आणि मग तिच्या त्याच बोटाला, कुठून कोण जाणे, ती रेघ लागली. आबांच्या भुवईतली. लहानपणी ती त्यांच्या मांडीवर बसून तिच्यावरून बोट फिरवायची. दोन्ही बाजूला खरखरीत केस आणि मध्ये मऊ, गुळगुळीत, शेतातल्या पायवाटेसारखी. आबा डोळे मिटून घ्यायचे. गुळाचा वास यायचा, घामाचा यायचा, तंबाखूचा यायचा. सगळं होतं. फक्त ती रेघ कुठल्या भुवईत होती ते नव्हतं. तिनं डोळे मिटले आणि आबांना समोर बसवायचा प्रयत्न केला, तर कोट घातलेले आबा आले, गुलाबी फेट्यातले, दोन्ही भुवया भरघोस. तिनं त्यांना उठवलं, परत बोलावलं, मार्केटातून सायकलवरून येणारे, दारात चप्पल काढणारे. ते यायचे, पण तोंड वर केलं की तोंड फोटोतलंच. घामेजलेल्या बंडीवर फोटोतलं तोंड. मांडीवर आपण कुठल्या अंगाला बसायचो? उजव्या हाताचं बोट होतं की डाव्या? बोट फिरवून बघावं म्हणून तिनं रिकाम्या हवेत हात उचलला, आणि खालच्या मजल्यावर मशीन सुरू झालं तशी दचकून खाली घेतला.

तिला अचानक भीती वाटली. मेलेल्या माणसाची वाटते ती नव्हे. एवढी वर्षं आपण रोज नमस्कार करतो आहोत तो कुणाला, ह्याची.

तिनं पहिली ओळ खोडली आणि सरळ लिहिलं, ‘आमच्या चुकीमुळे आधीच्या प्रूफमध्ये दुसऱ्या गृहस्थांचा फोटो गेला होता. चूक सर्वस्वी माझी आहे. क्षमा असावी. आपल्या वडिलांचा बरोबर फोटो लावला आहे. पाहून मंजुरी कळवावी.’ खाली स्वतःचं नाव घातलं, प्रेसचा फोन नंबर घातला आणि विचार करायला सवड मिळू नये म्हणून लगेच पाठवून दिलं.

दिवस कलेपर्यंत खूण आली नाही. तिकडं आत्ता कुठं उजाडत असेल, तो उठेल, चूळ भरेल, कॉम्प्युटर लावेल. ती दुसरी कामं करत राहिली, एका बारशाची पत्रिका, एका दूध संस्थेचा अहवाल. गुंडू तात्यांचं कार्ड खाली मशीनवर चढलं होतं. त्यांच्या पानावर तात्याच आहेत हे तिनं तीनतीनदा बघून घेतलं होतं. पहिला कागद वर आला. ओठ वाकडा करून तात्या हसत होते. ह्यांच्या पोरानं ओठाला हात लावू दिला नाही, तिला वाटलं, तो शहाणा. फोन वाजला तेव्हा बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले होते.

‘वर्षाराणी मॅडम आहेत का? मी शिवकुमार चौगुले बोलतोय.’ आवाज लांबून येत होता आणि मध्ये मध्ये तुटत होता. ‘तुमची मेल वाचली.’

‘साहेब, माझ्याकडनं फार मोठी चूक झाली. दोन फोटो—’

‘नाही नाही, त्यासाठी फोन नाही केला.’ लाइन खरखरली. ‘ते पहिले कोण होते?’

‘कबनूरचे एक गृहस्थ होते. गुंडू तात्या म्हणायचे त्यांना. माग होते त्यांचे.’

‘ओठ तसाच होता त्यांचा? पहिल्यापासून?’

‘व्हय. हसायचेच तसे म्हणे.’

‘हसायचे,’ तो म्हणाला. ‘मॅडम, मला ते तोंड ओळखू आलं नव्हतं. पहिल्यांदा उघडलं तेव्हा वाटलंच, हे आप्पा नाहीत. मग वाटलं, आजारपणात असे झाले असतील. गाल बसले असतील. ओठ बघितला आणि वाटलं, अर्धांग झालं होतं आणि आईनं लपवलं माझ्यापासून. ती सारखी म्हणायची, आहेत तसेच आहेत. मला वाटलं, खोटं बोलत होती बिचारी, माझ्यासाठी. आईला कसं विचारू? म्हणून काही न विचारता मंजूर केलं. छान आलाय म्हणून लिहिलं, तिनं वाचलं तर तिला बरं वाटावं म्हणून.’

वर्षाराणी उभीच होती. तिनं मोकळ्या हातानं पडद्यावर ते पहिलं प्रूफ उघडलं.

‘प्रिंट काढली मी,’ तो सांगत होता. ‘फ्रेम आणली. विभूती लावली. माझी मुलगी आहे, रक्षिता, तिनं आप्पांना कधी बघितलंच नाही. तिला म्हटलं, हे तुझे आजोबा. तिनं त्या ओठावर बोट ठेवलं आणि विचारलं, आजोबांना दुखत होतं का? आणि मी रडलो, मॅडम. आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हासुद्धा रडू आलं नव्हतं. ऑफिसला गेलो होतो त्या दिवशी. ह्या फोटोसमोर रडलो. आता तुमचा दुसरा बघितला. हे आप्पाच आहेत, डोळ्यांवरून लगेच ओळखलं. पण आता रडूच येईना.’

तिनं एवढंच विचारलं, ‘मंजूर करताय ना?’ आणि विचारताक्षणी जीभ चावली.

‘करतोय. आईला सांगितलंत का हे?’

‘न्हाय. त्या म्हणाल्या, पोरानं बापाला वळखला.’

‘नका सांगू,’ तो म्हणाला. ‘आणि ती फ्रेम? ती काय करू? काढून टाकवत नाही. विभूती लावलीय.’

‘असू दे की,’ वर्षाराणी म्हणाली. ती आता पुरती कोल्हापुरी बोलत होती आणि तिला ते कळतही नव्हतं. ‘त्येंच्या शेजारी आप्पांचा लावा. पावणं म्हणून ऱ्हाऊदेत. दोघांचा कोट बी एकच हाय.’

तो हसला की काय, ते खरखरीत नीट कळलं नाही. फोन ठेवला आणि थोड्या वेळानं पडद्यावर हिरवी खूण उमटली. ह्या वेळी शेऱ्याची जागा रिकामी होती. तिनं प्लेटला पाठवलं, खाली ओरडून सांगितलं, पाणी प्यायली. मग घरच्या फोटोची फाइल उघडली. भिंतीला ओल येऊन फ्रेम खराब झाली तेव्हा तिनं तो स्कॅन करून ठेवला होता. आबा पडद्यावर मोठे होत गेले, कोट बाहेर सरकला, फेटा बाहेर सरकला, नुसतं कपाळ आणि डोळे उरले. तेरा-चौदा वर्षांपूर्वीच्या तिच्याच ब्रशचे बारीक फटकारे तिला दोन्ही भुवयांत दिसले. स्टुडिओतल्या त्या वेळच्या पोरीनं दुसरी भुवईही जोडीला जोड म्हणून भरली होती. काम फार सफाईदार होतं. एक केस पुसायचा, मग दुसरा, एक अरुंद वाट करायची, बस्स. तिनं बाण डाव्या भुवईवर नेला, मग उजव्या, मग परत डाव्या. वांगी टेबलावर तशीच होती. तिनं फोन ओढून घेतला आणि घरचा नंबर फिरवला.

‘आक्का, एक सांग. आबांच्या भुवईत ती आकड्याची खूण हुती बघ. कुठल्या भुवईत हुती? उजव्या का डाव्या?’

‘आकड्याची व्हय,’ आक्का म्हणाली. ‘हुती की. लई रगात गेलतं तवा. मीच हळद भरली हुती.’ तिनं विचार केला. रेडिओवर कुणीतरी बातम्या वाचत होतं, तो रेडिओ तिनं बारीक केला. ‘उजव्या... न्हाय गं. थांब जरा, फोटू बघून सांगतो.’

आणि फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग भिंतीकडं घासत जाणारी आक्काची पावलं.